आत्याची कुबडी

गेल्या गणपतीत, आरतीच्या वेळी, लातूरच्या आमच्या गल्लीत माझ्या आत्यावर अन्याय झाला. मंडळाच्या नाटुकल्यात एक जण लंगडा नवरदेव झाला होता. पहिल्या रांगेतल्या आत्याची कुबडी त्यानं "आत्या, जरा घेतो" म्हणत उचलली. गल्ली हसली, आत्याही हसली. स्वतःच्या पायावर ती आमच्यापेक्षा भारी विनोद करते.

मग आरतीला सगळे उभे राहिले, आत्या खुर्चीतच.

"आत्या, देवासाठी तरी उठा की!" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

"कुबडी स्टेजवर नटायली नं," आत्या म्हणाली. "तिला सोडा, उठते."

मी कुबडी आणेपर्यंत आरती संपली होती.

लंगडेपणावर विनोद चालतो का, हे मला विचारू नका. घेतलेली कुबडी हसायच्या आधी परत द्या.