समुद्राविना मासे शिकवताना

परदेशात शिकवून आलेल्या माणसाकडे किस्से न मागता साठतात. सुट्टीत मालवणला आलो की मित्र चहाआधी तेच मागतात, आणि मीही आढेवेढे घेत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात. मी मालवणच्या मत्स्य संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होतो. शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेत अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकवायला जाण्यासाठी मुलाखत झाली. "शिकवण्याचा अनुभव?" समितीने विचारलं.

"दहा वर्षं मच्छीमारांना मासे समजावून सांगतोय," मी म्हणालो. "ते ऐकून घेतात, मग माझ्या चुका सांगतात."

निवड झाली. पहिलं वर्ष पक्कं, दुसरं विभागप्रमुखांच्या मर्जीवर.

* * *

आईला बातमी सांगितली.

"मासे शिकवूक अमेरिकेक? थंय दर्या आसा?"

"नाय गो आये, कॉलेजापासून हजार मैल लांब."

"मगे मासे खंयचे दाखवतलंस?"

"बाटलेतले."

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "कोणी इचारल्यान तर गणित शिकवतंस म्हणान सांगतलंय."

* * *

पहिल्या तासाची तयारी मी महिनाभर केली होती. वर्गात उभा राहिलो आणि घाबरून जे सुटलो, ते घंटा होईपर्यंत थांबलोच नाही. शार्कपासून कोळंबीपर्यंत सगळं संपवलं.

विभागप्रमुख मिलर दारात उभे होते. शांतपणे म्हणाले, "छान. आता उरलेल्या टर्ममध्ये काय करायचा विचार आहे?"

* * *

प्रयोगशाळेत एका मुलीने बरणीतला मासा ट्रेमध्ये काढून दिला. हात सवयीने गेला. कल्ला उघडला, रंग पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणालो, "शिळा आहे. परत करा."

"सर," ती म्हणाली, "माझ्या वडिलांनीही हाच मासा अभ्यासला होता."

* * *

एव्हाना मला शिकवणं मनापासून आवडू लागलं होतं. केंद्रात परत जाऊन खवले मोजायची कल्पनाही नको वाटायची. आणि नेमकं तेव्हाच मिलरांनी कळवलं, की दुसऱ्या वर्षाचा निर्णय ते माझा एक तास पाहून घेणार.

त्या दिवशी विषय होता रापण. समुद्रात मोठं जाळं टाकून गावाने ते दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं. वर्गात हे सांगून कोणाला कळणार? मी मुलांना हिरवळीवर नेलं. टेनिसचं जुनं जाळं पसरलं, त्यात टोपलीभर सफरचंदं बांगडे म्हणून ओतली आणि फुटबॉल खेळणारी चार दांडगी पोरं सुरमई म्हणून आडवी केली. दोन्ही टोकांना दोर बांधून बाकीच्यांना ओढायला लावलं.

जाळं जागचं हलेना. मिलर सूट घालून, वही उघडून बाजूला उभे होते. वहीत काही लिहीत होते. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

मग त्यांनी वही खिशात घातली, कोट गवतावर टाकला आणि दोर धरला. जाळं सरकलं.

आमच्याकडे दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. मी सफरचंदं वाटली. प्रत्येकाला एक. मिलरांपाशी आलो तेव्हा चाकूने सफरचंद कापलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. "उशिरा आलेल्याला अर्धा वाटा," मी म्हणालो. म्हटल्यावर माझं मलाच कळलं, मी कोणाला काय बोललो ते.

मिलरांनी ते अर्धं सफरचंद सावकाश खाल्लं. कोट झटकून अंगात घातला.

"पुढच्या वर्षी हा तास किती वाजता ठेवताय?" त्यांनी विचारलं. "मी वेळेवर येईन."