मोटेच्या लाकडावरची उडी

मला पाण्याची भीती कधीच नव्हती. बोथजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पायऱ्या उतरून तासन् तास पोहायचो. भीती होती ती उंचीची, आणि नौदलात नेमकी तीच निघाली. खाली समुद्र, वर फळी, अन् मागे उस्ताद उभे. ट्रेनिंगला सगळे त्यांना उस्तादच म्हणत. सगळी पोरं उडी मारून मोकळी झाली, मी मात्र फळी धरून बसलो.

"छुट्टी से लौटकर कूदेगा," उस्ताद म्हणाले, "नहीं तो सीधा घर."

त्यांनी दम दिला होता. मला मात्र वाटलं, देवच पावला! पळून गेलो तर गुन्हा, पण नापास झालो तर आपसूक सुटका. सकाळी डोळे उघडायचे ते शिट्टीवर, जेवायचं, चालायचं ते शिट्टीवर. मराठीत शिवी द्यायलासुद्धा माणूस नाही. जीव नुसता विटला होता. ठरवून टाकलं, परत जायचं, फळीवर ठोंब्यासारखं उभं राहायचं, आणि घरी येऊन वांगी लावायची. सुट्टीत फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

पण तेच जड जाऊ लागलं. राज्यांची नवी वाटणी झाली होती. नदीपलीकडचा मराठी मुलूख एकीकडे गेला, आम्ही आंध्रात राहिलो. निजामाच्या वेळी कचेरीत उर्दू चाले, आता तेलुगू. बाबांना दोन्ही येत नसत. दारातच उभं राहायचं, कोणी हाक मारली तर आत जायचं, हा त्यांचा रिवाज. मी आल्यावर ते मला पांढरा गणवेश घालायला लावून कचेरीत घेऊन गेले. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, अन् खुर्ची पुढे सरकवली.

"कूर्चोंडि," म्हणजे बसा.

बाबा बसले. काम झालं तरी उठेनात. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसले होते. ह्या माणसाला मी नापास होऊन दाखवणार होतो!

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मळ्यात सगळा गोतावळा जमला. वहिनीला तर चेष्टेला विषयच लागत नसे.

"भाऊजी, समुद्रात उड्या मारता म्हनते तुमी. आमाले तं दावा एखांदी! का नुसता पांढरा सदराच हाये?"

हसणं पिकलं. कोणीतरी विहिरीवरच्या, मोटेचं चाक बसवलेल्या आडव्या लाकडाकडे बोट दाखवलं. वैशाख होता, पाणी पार तळाशी गेलेलं. उस्तादांची फळी त्यापुढे ओसरी वाटावी एवढी खोल. मी म्हणणारच होतो, आज पोट बरं नाही. तेवढ्यात बाबांनी डोक्याचा पटका सोडला आणि काठावर उभे राहिले, मी वर आलो की अंग पुसायला. माझ्याकडे बघत होते. झालं. आता काय तोंडानं नाही म्हणू?

लाकडावर चढलो. मेलो, एवढंच मनात आलं, आणि उडी टाकली.

वर आलो तेव्हा टाळ्या, आरोळ्या, वहिनीच्या डोळ्यांत पाणी. आणि मला रडू येत होतं ते वेगळंच. आता फळीवर कोणत्या तोंडानं घाबरणार? आपल्या हातानं आपलं दार लावून घेतलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्यावर सगळे मला पोचवायला आले. गळ्यात हार. गाडी दिसायला लागली तसं बाबांनी मला बाजूला घेतलं.

"काल तुये पाय लटलट कापून राह्यले होते, पोरा. काऊन?"

"थंडी वाजली, बाबा."

"वैशाखात?"

मी गळ्यातला हार सारखा केला. ते हळूच म्हणाले, "मन नसन लागत तं राह्य घरी. वांगे हायेतच आपले."

हे परवा का नाही बोललात हो, बाबा! मागे अख्खं गाव उभं होतं, कंडक्टरनं माझी ट्रंक टपावर चढवलीसुद्धा. अन् माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची.

"नाही, चांगलं हाये तिथं," मी म्हटलं, आणि गाडीत चढलो.

उस्तादांच्या फळीवरून पहिल्या शिट्टीला उडी मारली. पास झालो, नोकरीही पुरी केली. पुढे मीच उस्ताद झालो. फळीवर एखाद्या पोराचे पाय लटपटताना दिसले की मी जवळ जाऊन हळूच विचारायचो, घरी जायचंय का तुला? एकानंही कधी हो म्हटलं नाही. मग मी शिट्टी वाजवायचो.