वाळवंटातली एकादशी

तंजावूरजवळ ओरत्तनाडूला मामेबहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगत बसली होती, सार-भात होऊन ताकभात वाढून झाला होता आणि माझ्या पिशवीतला फोन वाजला. पद्मा, माझी भावजय. "अक्का, हे उठत नाहींत. हाक मारलं, हलवलं... उठत नाहींत." मी "आले" म्हटलं, फोन ठेवला आणि ताकभात संपवला. पानावरून मध्येच उठायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. शेजारी बसलेल्या बाईंनी कोणाचा फोन म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, "भाऊ गेला वाटतं." त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मी मात्र पान दुमडलं, हात धुतले, यजमानांना नमस्कार केला आणि मग रिक्षा शोधायला बाहेर पडले. आज त्याला दीड महिना होत आला. तो ताकभात मी कसा खाल्ला, हे मला अजून कळलेलं नाही.

सेतू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि देवनागरी कोणाला वाचता येत नाही. मला येते, कारण लग्नानंतर तीस वर्षं पुण्यात काढली. माझे यजमान गेल्यावर मी तंजावूरला परतले ती सेतूच्याच घरी. तो कॉलेजात खेळांचा मास्तर होता आणि रविवारी जिल्ह्याच्या क्रिकेट सामन्यांत अंपायर. वेष्टी, म्हणजे आमचं धोतर, सोडून पँट घालायचा तो फक्त या दोन कामांसाठी. षटकातले चेंडू मोजायला खिशात सहा चिंचोके ठेवायचा, एकेक करत उजव्या खिशातून डाव्यात. मैदानावर कोणाच्या बापाचं न ऐकणारा हा माणूस घरात मात्र माझं ऐकायचा. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. घरातलं सोवळं-ओवळं, सणवार, श्राद्ध-पक्ष, सगळं मी पुण्याला असतानाही माझ्याच शब्दावर चालायचं. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

त्याचा मुलगा मुरळी अमेरिकेत, ॲरिझोनात असतो. तीन वर्षं "या, या" करत होता. शेवटी या उन्हाळ्यात सेतू, पद्मा आणि मी असे तिघं गेलो. मुरळीनं बेत आखला होता: शनिवारी बेसबॉलचा सामना, रविवारी विश्रांती, सोमवारी वाळवंटातून गाडीनं लॉस एंजेलिस आणि मग दोन दिवस खरेदी. मी म्हटलं, यात एकही देऊळ नाही. सेतू म्हणाला, "अक्का, देवळं सगळीं आपल्याकडं आहेत. हें तिकडं नाहीं."

सामना छप्पर असलेल्या मैदानात होता, आत आपल्या घरच्या फ्रिजपेक्षा गार. मला त्या खेळातलं ओ की ठो कळलं नाही. सेतूलाही फारसं कळलं नसावं, पण तो खेळ पाहायला आलाच नव्हता. तो अंपायर पाहत होता. फलंदाज बाद झाला की तो अंपायर असा काही हात झटकायचा, की कोणाच्या तोंडात मारतोय असं वाटावं. सेतू टाळ्या पिटत होता. "बघ अक्का, हा बाद देताना केवढा आनंदतो! मी चाळीस वर्षं बोट वर केलं, दरवेळीं वाईट वाटलं." मागच्या रांगेतला एक गोरा म्हातारा त्याला नियम समजावत होता, हा त्याला पायचीत समजावत होता. दोघांची भाषा अर्धीमुर्धी, तरी दोघं खूश.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. आमच्याकडे एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. मला मधुमेह झाल्यापासून डॉक्टरांनी आणि मग आमच्या आचार्यांनीही मोकळीक दिली, म्हणून मी दूध-फळ घेते. सेतू मात्र कडक पाळायचा. सूनबाई दिव्यानं फोनमध्ये पाहून सांगितलं, इथं एकादशी रविवारी. त्याप्रमाणे सेतूनं रविवारी उपास केला, दिवसभर सोफ्यावर पडून टीव्हीवर तेच बेसबॉल पाहिलं. संध्याकाळी मी पिशवीतून आमचं पंचांग काढलं. त्यात सोमवार लिहिला होता. मी म्हटलं, "फोन काय सांगतो ते ठेवा बाजूला. आपलं पंचांग आपलं. आजचा तुझा उपास उपासच नव्हे." दिव्या काहीतरी सूर्योदयाचं बोलू लागली. मी तिला गप्प केलं. मुरळी म्हणाला, "अत्त्या, उद्या सहा तास वाळवंट आहे." सेतूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक दिवस काय गा. राहतो मी."

सोमवारी पहाटे निघालो. वाळवंटात गाडी चालवायची ही सेतूची हौस. त्यासाठी त्यानं इथल्या कचेरीत खेटे घालून परदेशात चालणारं लायसन्स काढलं होतं. तंजावूरच्या रस्त्यावर टाउन बस, ऑटो, गाई आणि लग्नाची वरात यांच्यामधून मोपेड काढणाऱ्याला सरळ, रिकामा रस्ता म्हणजे स्वर्गच. उजेड चांगला वर आल्यावर मुरळीनं त्याला स्टिअरिंग दिलं. शेजारी तो बसला, मागे आम्ही तिघी. दोन्हीकडे करडी माती, काटेरी झुडपं, आणि हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग. सेतू ताठ बसून चालवत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "तासभर झाला, हॉर्न वाजवला नाहीं. हात रिकामा वाटतो." आम्ही सगळे हसलो. मी केळं सोलत होते. ते मला नीट आठवतं, मी केळं खात होते आणि माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती.

मग त्यानं दिवा दाखवून गाडी एका पेट्रोल पंपावर व्यवस्थित घेतली, ब्रेक लावला, दार उघडलं आणि उतरताना त्याचा झोक गेला. मुरळीनं धरलं म्हणून पडला नाही. सावलीला बसवलं. बाहेर भट्टीसारखी झळ होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मुरळी ओरडला, "अप्पा, पाणी प्या!" सेतूनं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उन्हानं झालं. गाडीत गारव्यात बस, बरं वाटेल. आता आजचाच तर दिवस राहिला." हे मी म्हटलं. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही, मीच म्हटलं. पद्मा पिशवी धरून त्याच्या मागे उभी होती. तो उठला, मुरळीशेजारच्या सीटची पाठ मागे टाकून पडला आणि लॉस एंजेलिस येईपर्यंत डोळे मिटून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत दिव्यानं उपमा केला, सेतू दोनदा मागून जेवला आणि उठून खरेदीला निघाला. आम्हाला वाटलं, झालं गेलं. किमतीचे रुपये करायचे नाहीत अशी दिव्याची ताकीद होती, तरी तो प्रत्येक वस्तूपुढे पुटपुटायचाच. खेळाच्या दुकानात त्याला बेसबॉलच्या अंपायरचं मोजायचं यंत्र सापडलं, तळहातात मावणारं. घेतलं, पैसे दिले आणि बाहेर येऊन पाहतो तर ते सहापर्यंत मोजतच नाही. परत द्यायला गेला, तर त्या पोरीशी पंधरा मिनिटं गप्पा मारून दोन टोप्या घेऊन आला. पद्माला त्यानं चपला घेतल्या, स्वतः वाकून तिच्या पायात घालून पाहिल्या. भर दुकानात. ती लाजून लाल.

परत येऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी कॉफी घेतली, तमिळ पेपर वाचला, "जरा पडतो" म्हणाला... तेवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय, जुनं दुखणं असणार, कळलं नाही. मुरळीनं त्यांना प्रवासाबद्दल विचारलं. ते म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रवासाचा काही संबंध नाही. पण त्यांना त्या दोन दिवसांचं कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, मी सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर आचार्य निघताना मी त्यांना दारात थांबवून विचारलं, परदेशात एकादशी कशी धरायची. ते सहज म्हणाले, जिथं आपण आहोत तिथला सूर्योदय. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले. म्हणजे दिव्याचा रविवार बरोबर होता. सोमवारी द्वादशी होती आणि द्वादशीला पारणं न करणं हाच दोष. म्हणजे ज्या नियमासाठी मी माझ्या भावाला त्या उन्हात कोरडं ठेवलं, तो नियमच नव्हता. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. ते कधी गेले ते मला कळलं नाही.

मुरळी परत गेला. घरात आता पद्मा आणि मी. ती सकाळी माझी कॉफी आणून ठेवते, औषधाच्या गोळ्या काढून देते, सगळं पूर्वीसारखं. पण बोलत नाही. जेवताना समोर बसते आणि माझ्याकडे पाहत नाही. मला वाटायचं, हिला सगळं कळलंय. ही रोज मला वाढते आणि मनात म्हणते, हिनं माझा नवरा मारला. तिनं एकदा तोंडावर म्हणावं, म्हणून मी वाट पाहत होते. एका छपराखाली दोघींनी असं किती दिवस राहायचं?

गेल्या आठवड्यात एकादशी आली. पद्माचा कडक उपास. दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून उद्याच्या पारण्यासाठी अगत्तीचा, म्हणजे हादग्याचा, पाला निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि आचार्य जे बोलले ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "मनात आहे ते बोलून टाक, पद्मा. मीच ना?"

तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "अक्का, पंपावर ह्यांना बसवलं तेव्हांच मी बाटलीचं झाकण काढलं होतं. हे माझ्याकडं हात करत होते. इतक्यांत तुम्ही वळून पाह्यलात... मी झाकण लावून टाकलं."



"मज तुमचं भेव वाटलं," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हांपासून वाटतं. पण त्या दिवशीं तरी नको होतं वाटायला. बाईल होते ना मी त्यांची? तुम्हांस काय म्हणूं, अक्का? मी मलाच तोंड दाखवत नाहीं."

म्हणजे इतके दिवस ती मला दोष देतच नव्हती. तिनं तो दिला असता, तर मला सोसला असता. मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं आता. मडक्यातलं पाणी टंबलरमध्ये ओतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"आज एकादशी, अक्का."

"माहीत आहे. पी."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी. टंबलर मीच तिच्या ओठांना लावला. ती प्यायली, सगळं. मी पुन्हा भरून दिलं, तेही प्यायली. एका माणसाला पाणी पाजायला इतकाच वेळ लागतो.