खोबरेल पाजलेली डिस्क

वासेमाधा माझी शेजारीण. चर्चमध्ये ती गायला लागली की आमच्या बेटावरच्या रेवा नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जातं. अंगणातून तिनं कोंबड्या हाकलल्या की माझ्याही कोंबड्या घाबरून घरी येतात. पण मागच्या खोलीतला पंखा सुरू झाला की ही बाई मांजरीच्या पावलांनी चालते. तिथं एक काचेची पेटी आहे, पंखा तिच्यात गाळलेली हवा सोडतो आणि त्या हवेत हात घालून वासेमाधा मोडक्या हार्ड डिस्क उघडते. त्या दिवशी घरात तळण बंद, पावडर बंद, झाडू बंद. खिडक्या लावून घामानं निथळत बसायचं. तिचा नवरा मासेमारीला जातो तो माशांसाठी नव्हे, असं मी अख्ख्या नौसोरी शहरात सांगून ठेवलंय.

पूर्वी ती राजधानीत, सुवाला, एका बँकेत संगणक सांभाळायची. पुढं ब्रिस्बेनला बहिणीकडे राहिली, तेव्हा हे काम शिकून आली.

गेल्या पावसाळ्यात इलाइतिया तिच्या दारात आला. एका हातानं आजोबांना धरलेलं, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. त्याचं गाव आणि माझं गाव एकमेकांचे तौवू. मूळ पुरुष एकच, त्यामुळं एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांच्या घरातून वाटेल ते उचलायचं, आणि रागवायचं मात्र नाही.

"काय रे खेकडेखाऊ, बाळ आणलंस काय गुंडाळून?" मी कुंपणावरून विचारलं.

एरवी त्यानं माझी सात पिढ्यांची अब्रू काढली असती. त्या दिवशी त्यानं आजोबांना सरळ आत नेलं, आणि मागोमाग मीही.

गावात नवं सभाघर उभं राहिलं होतं. घर उघडताना म्हणायचं मेके, हातांच्या हालचालींसह म्हणायचं जुनं गाणं, एकट्या आजोबांना येत होतं. इलाइतियानं त्यांच्यासमोर बसून दोन वर्षं गाणी ध्वनिमुद्रित केली आणि सगळी या एकाच डिस्कमध्ये ठेवली. मग आजोबांना अर्धांगवायू झाला. आता गाणं राहू दे, 'पाणी' एवढंही त्यांना म्हणता येत नव्हतं. सभाघर उघडायला दोन आठवडे होते, आणि तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी डिस्क टेबलावरून सिमेंटवर पडली.

वासेमाधानं टॉवेल सोडला आणि वास घेतला. "खोबरेल?"

"टकटक आवाज करत होती, मावशी. आत्या म्हणाली, आखडलीय. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून कोमट तेलानं चोळली. आणि ते बारीक भोक आहे ना... शिलाई मशीनला असतं तसलं वाटलं तिला."

"त्यात घातलं?"

"दोनच थेंब."

मला हसू फुटलं होतं. वासेमाधानं असं बघितलं की मी ते गिळलं.

पेटीत तिनं झाकण उचललं. भोकाखाली कापडाची गाळणी असते. त्या गाळणीनं सगळं तेल पिऊन टाकलं होतं. आरशासारखी चकती कोरडी होती. पण चकतीवर तरंगणारी वाचायची सुई वाकली होती, आणि कडेला केसाएवढा ओरखडा होता.

"दुसऱ्या डिस्कची सुई बसवावी लागेल. अगदी याच जातीची, त्याच खेपेची. ऑस्ट्रेलियाहून मागवली तर महिना जाईल."

"मी सेलमध्ये घेतली होती ही," इलाइतिया म्हणाला. मग हळूच वळून माझ्याकडे बघितलं. "तौवू, आपण दोघंही रांगेत होतो, नाही का?"

मी तोंड उघडेपर्यंत तो माझ्या घरात शिरून माझी तसलीच डिस्क घेऊन परत आलासुद्धा. वासेमाधानं माझे रग्बीचे सामने आधी दुसरीकडे उतरवून घेतले, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत माझी डिस्क उघडली.

चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक सुई असते; काढताना त्या एकमेकींना चिकटल्या की संपलं. तिनं मधे प्लॅस्टिकची बारीक फणी सरकवली. इलाइतिया मोठ्यानं प्रार्थना करायला लागला.

"मनात कर रे. देवाला ऐकू येतं, आणि थुंकी उडत नाही."

सुई बसली. डिस्क फिरली, टकटक नाही. पडद्यावर फायलींची यादी आली आणि वासेमाधानं लगेच वीज तोडली.

"मावशी! चालली होती की!"

"ओरखड्यावरून जाताना ही सुई कधीही मरेल. जे हवं ते पहिल्यांदा उतरवायचं. कोणती फाईल?"

यादीत नुसत्या तारखा होत्या. ते मेके आजोबांनी कितीतरी वेळा म्हटलं होतं, पण इलाइतिया नुसता फोन घेऊन बसला की म्हातारा मुद्दाम कडवी गाळायचा, उलटसुलट करायचा. रीतसर यांगोना, मान म्हणून द्यायची पेयाची मुळी, पुढं ठेवून मागितलं, तेव्हाच त्यानं पूर्ण दिलं. एकदाच, असं म्हाताऱ्यानंच नंतर सांगितलं होतं.

"कधी ठेवलीस यांगोना?"

"तीन-चारदा ठेवली. कुठल्या वेळी पूर्ण म्हटलं ते मला कसं कळणार, मावशी? मला येत असतं तर..."

तो आजोबांपुढं गुडघ्यांवर बसला. "आजोबा, गावातल्या विलिसीला पुरलं त्या आठवड्यात?" म्हातारा हलला नाही. "वादळानंतर, छप्पर घातलं तेव्हा?" काही नाही. "कासव सापडलं त्या दिवशी?"

आजोबांनी डावा हात उचलून मांडीवर आपटला. एकदा. मग पुन्हा, जरा रागानं.

"कासवाची तारीख?" वासेमाधा म्हणाली. "चुकलास तर दुसरी फाईल मिळायची नाही."

इलाइतियानं फोनमधला कासवाचा फोटो शोधला. तारीख जुळली. वीज लावली.

पट्टी सरकायला लागली. निम्मी. मग तिथंच थांबली, डिस्क कण्हली, वासेमाधानं तो तुकडा सोडून पुढं उडी घेतली. परत सरकली. शेवटाला टक. टक. टकटक. तिनं वीज तोडली आणि खुर्चीत टेकली.

"जेवढं आलं तेवढं आलं. आता ही उठायची नाही."

तिनं फाईल लावली. आजोबांचा आवाज आला, जुना, भरदार. मधे एकदा उचकी लागल्यासारखा तुटला, तेवढंच. शेवटच्या कडव्यातल्या दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मात्र शांतता.

"पुढचं मी बांधू का, आजोबा? दोनच ओळी आहेत," इलाइतियानं विचारलं.

म्हाताऱ्यानं या वेळी हात आपटला नाही; डावा तळवा पालथा करून चटईवर दाबून धरला, आणि बराच वेळ उचलला नाही.

सभाघर उघडलं त्या दिवशी बायकांच्या दोन रांगा त्या ओळीच्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. हात वर, तोंडं उघडी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी बसलेली वासेमाधाही आजोबांकडे बघत होती. पुढं बसलेल्या आजोबांचे ओठ हलत होते, आणि हात खाली घ्यायच्या आधी सगळ्या बायका त्यांचे ओठ थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.