कंपनीनं नाही म्हटलं नव्हतं

चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, मी माझ्या वहिनींना सांगितलं की ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीनं त्यांच्या नावावर खातं उघडायला नकार दिला आहे. कंपनीनं नकार दिला नव्हता.

बातमी एवढीच. बाकीचा तपशील मी आजवर कुणाला दिलेला नाही — घरात नाही, मित्रांत नाही, वहिनींना तर नाहीच. आज तुम्हाला का देतो आहे, तेही मला नीट सांगता येणार नाही.

माझी नोकरी एका दैनिकात उपसंपादकाची होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हे माझं काम. 'असे समजते' दिसलं की मी पेन उचलायचो. कुणाकडून समजलं? त्याला दुजोरा कुणी दिला? उत्तर आलं नाही तर बातमी थांबायची. नोकरी सुटली तरी ही ओळख सुटली नाही. घरात कुणी काही ऐकून आलं की दादा, म्हणजे माझे थोरले बंधू विलास, म्हणायचे, "थांब, ह्याला इचार. ह्यो खात्री केल्याबिगर बोलत न्हाय." मी बोललो की विषय संपायचा. माझं बोलणं पुन्हा तपासायची गरज कुणालाच वाटत नसे. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं याच्याच आधारावर झालं.

आम्ही राजारामपुरीत एकाच इमारतीत राहतो, दादा-वहिनी खाली, मी वर. वहिनी चटणी करतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, वर्षाचा एकदम करून ठेवायचा. मिरच्या भाजायच्या आणि डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटून आणायच्या. आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळू नये म्हणून बायका डंकाशेजारी बसून राहतात. वहिनी तर उठायच्याच नाहीत. तहान लागली तरी नाही. त्यांची चटणी आधी नात्यात जायची, मग पुण्या-मुंबईला, मग ओळखीच्यांच्या ओळखीत. फोन वाजत राहायचा. शेवटी ठरलं — वेबसाइट काढायची, दुकान तिथंच मांडायचं.

दुकानाचं नाव वहिनींनी सांगितलं. शालन.

शालन हे त्यांचंच नाव, माहेरचं. माहेर शाहूवाडी तालुक्यात. लग्नात दादानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वैशाली' लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या वैशाली झाल्या. पण पॅन कार्ड शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, त्यावर शालन राहिली. बँकेत वैशाली. एवढ्या वर्षांत दोघींची कधी गाठ पडायचं कारण आलं नव्हतं.

"शालन?" दादा हसले. "ही कोन गं? आपल्या घरात तर कोन न्हाय ह्या नावाची."

"व्हती एक," वहिनी म्हणाल्या. "तुमी यायच्या आदी."

चटणीची रीत त्यांच्या आईची. म्हणून ते नाव.

पैसे घेणारी कंपनी निवडायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी मागून घेतलं. आणि ते चोख केलं, हेही सांगायला हवं. प्रत्येक खरेदीमागे कंपनी किती कापून घेते, ग्राहकानं भरलेले पैसे आपल्या बँकेत किती दिवसांनी येतात, माल परत आला तर कापलेलं परत मिळतं का, अडचणीच्या वेळी फोन माणूस उचलतो की यंत्र — सगळं विचारलं. तीन कंपन्यांना फोन केले. पहिलीनं मला बराच वेळ संगीत ऐकवलं. दुसरीचा माणूस गोड बोलायचा, पण माल परत आला तर काय, असं विचारलं की पुन्हा सवलतीकडे वळायचा. तिसरीकडची मुलगी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. जे ठाऊक नव्हतं तिथं "विचारून सांगते" म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत तिनं खरंच विचारून सांगितलं. मी ती कंपनी निवडली. ती निवड आजही बरोबर वाटते.

कागद पाठवल्यावर त्याच मुलीचा फोन आला.

"सर, पॅनवर शालन आहे आणि बँकेत वैशाली. व्यक्ती एकच ना?"

मी हो म्हणालो.

"मग अडचण नाही. लग्नाच्या नोंदणीचा दाखला द्या आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्रातून अशी प्रकरणं आमच्याकडे रोज येतात."

अडचण नाही. हे शब्द मी कानांनी ऐकले. ऐकण्यात चूक झाली असं म्हणायला मला जागा नाही.

लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. लग्न वहिनींच्या माहेरी लागलं होतं, म्हणजे नोंदणी तिथल्या ग्रामपंचायतीत. साक्षीदार गोळा करायचे, वहिनींना घेऊन जायचं, दाखल्यासाठी पुन्हा जायचं. दोन फेऱ्या, फार तर तीन. कुणाचं काही अडलं असतं का? माझं अडत होतं. जुन्या कार्यालयातल्या एका मित्राला मी सांगून बसलो होतो की दुकान दसऱ्याला सुरू होतंय. तो पुरवणीत चार ओळी टाकणार होता. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेत बातमी द्यायला लावलं, आणि आता मीच वेळ चुकवणार? — कारण म्हणून हे मांडत नाही. घटनाक्रमात येतं, म्हणून सांगितलं.

मी खाली गेलो तेव्हा वहिनी मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. दादा चहा पीत होते. मी उभ्यानंच सांगितलं, कंपनी नाही म्हणते.

"का न्हाय म्हंत्यात?" वहिनी म्हणाल्या.

"दोन नावं चालत नाहीत."

वहिनींनी हातातला देठ टाकला. मग विचारलं, "मग दोघीतली खोटी कुटली म्हंत्यात त्ये?"

"तसं नव्हे वहिनी, नियम आहे," एवढं म्हणालो.

"मग माझं नाव टाक की," दादा म्हणाले. "एका घरातच हाय सगळं."

"नियमच हाय म्हटल्यावर काय," वहिनी म्हणाल्या आणि पुढची मिरची घेतली.

मला नेमकं हेच हवं होतं, की त्यांनी आणखी काही विचारू नये. त्यांनी विचारलं नाही. बातमीत मी कधी चालू दिलं नसतं ते घरात चाललं — सांगणारा एक, दुजोरा कुणाचाच नाही.

दादाच्या कागदांवर एकच नाव होतं. खातं लगेच उघडलं. दसऱ्याला दुकान सुरू झालं, चार ओळी छापून आल्या. त्यांत उद्योजक म्हणून विलास यांचं नाव होतं. छापण्याआधी मित्रानं त्या मला वाचून दाखवल्या होत्या. मी दुरुस्ती सुचवली नाही. कागदोपत्री ते बरोबरच होतं.

चटणी चालली. चांगली चालली. वहिनींना आता एकच गोष्ट हवी होती, स्वतःचा डंक. दुसऱ्याच्या डंकावर ताटकळणं नको, मिरची मिसळायची धास्ती नको. त्यांनी ती इच्छा एवढ्यांदा बोलून दाखवली होती की आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. महिलांच्या उद्योगाला बँक कर्ज देते असं कळल्यावर त्या एकट्याच बँकेत गेल्या. परत आल्यावर तिथली हकिकत त्यांनी नक्कल करून सांगितली.

"सायेब म्हनला, मावशी, चटणी तुमी करतासा म्हंतासा, पन पैसं तर मालकांच्या खात्यात पडत्यात. तुमचा धंदा कुटं दिसतोय ह्यात? मी म्हटलं, व्हय सायेब, मी हितं बिनपगारी हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

दुकान सुरू करताना मी जे सांगितलं त्याला लबाडी म्हणा, आळस म्हणा. पण त्या दिवशी? त्या दिवशी मला सगळं दिसत होतं. बँकेला काय हवं आहे ते ठाऊक होतं, ते त्यांच्या हाती का नाही तेही ठाऊक होतं, आणि ते घडवणारा माणूस मांडी घालून तिथंच बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. वहिनी चिडतील याची भीती होती का? नाही. त्या फारशा चिडत नाहीत. माझी भीती वेगळी होती — यापुढे या घरात माझं बोलणं तपासलं जाईल. मी ते वाक्य बोललो नाही.

कर्ज दादानं काढलं. डंक आला, खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत बसला. परवाना दादाच्या नावावर, म्हणून पाटीही तशीच रंगली — 'विलास कांडप'. यात दादाचा काही दोष नाही. ते पाटीवाल्याला म्हणाले होते, हिचं नाव घाल. पाटीवाल्यानं विचारलं, कुठलं? वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. परवान्यावर हाय तेच घाला."

आता उन्हाळ्यात सकाळपासून पाटीखाली बायकांची रांग असते. वहिनी डंक चालवतात. नव्या बायका त्यांना विचारतात, "विलासभाऊंनी कामाला ठेवलंय व्हय तुमाला?" जुन्या हसतात. वहिनी कधी खुलासा करतात, कधी करत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्या कंपनीला फोन केला. आवाज दुसरा होता. मी विचारलं, पॅनवर एक नाव आणि बँकेत दुसरं असेल तर खातं मिळतं का? मिळतं, असं उत्तर आलं. लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. नियम पूर्वीपासून हाच आहे का? हो, हाच आहे.

काल सकाळी मी वेबसाइटवरून चटणीचा एक पुडा मागवला आणि पैसे भरले. ग्राहकाला काय दिसतं ते पाहायचं होतं. दुपारी वहिनी स्वतः पुडा घेऊन वर आल्या.

"भावजी, पत्ता बघून मी चाट पडले. घरच्या चटणीला पैसं भरतंय व्हय कोन?"

"व्यवस्थित चालतंय का, ते बघत होतो."

"चालतंय न्हवं?"

"चालतंय."

त्या पुडा टेबलावर ठेवून खाली गेल्या, डंक चालू होता. पुड्यावर 'शालन' छापलेलं आहे. माझ्या मोबाइलवर आलेल्या संदेशात, पैसे विलास यांना मिळाले, असं लिहिलं आहे.