पारखीमावशी आणि भिंगरीचं पोट

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे पारखीमावशी म्हणत. कागदोपत्री ती सफाई कामगार. पण दुर्बिणीवाले डॉक्टर सकाळी आले की केसपेपर उघडण्याआधी मावशीचा चेहरा बघायचे. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासायचं तर आतडं आधी धुऊन निघावं लागतं. त्यासाठी आदल्या दिवसापासून मुलांचं जेवण बंद, आणि भुकटी विरघळवलेलं औषध ग्लासामागून ग्लास प्यायचं. शी फिकट पिवळ्या पाण्यासारखी, आरपार दिसेल अशी झाली की पोट तयार. ती तशी झाली की नाही, हे मावशीइतकं बिनचूक कुणी सांगत नसे.

ही नजर तिनं कमावली होती. लग्नाआधी आठ वर्षं ती सूत रंगवायच्या कारखान्यात होती. रंगवलेल्या लडी धुवायच्या, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायच्या, नितळ पाणी उतरेपर्यंत. रंगाची एक छटा जरी राहिली तरी मुकादम लडी परत टाकायचा. तिथून ती इथे आली आणि बावीस वर्षं मुलांची शीची भांडी बघत राहिली. नाक मुरडणं तिला ठाऊकच नव्हतं.

पण एकदा ती चुकली होती. दोन महिन्यांपूर्वी, भिंगरीच्या वेळी.

भिंगरी आठ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. शी करताना तिला रक्त जायचं. दुखत काही नसे, पण पोर दिवसेंदिवस पांढरीफटक पडत चालली होती. त्या वेळी संडासातल्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली मावशीनं भांडं बघितलं, ‘झालं साफ’ म्हणाली, आणि दुर्बीण आत गेल्यावर दिसला नुसता गाळ. पोरीला दिलेली भूल वाया गेली. ते मावशीच्या मनाला फार लागलं. ऑफिसच्या हात धुऊन मागे लागून तिनं संडासात पांढरी ट्यूब बसवून घेतली.

आणि आज दुपारी भिंगरी पुन्हा दाखल झाली. मावशीनं मनाशी ठरवलं, या खेपेला चुकायचं नाही!

पण भिंगरी तोंडच उघडेना. तिची आई बसमध्ये कंडक्टर. ड्यूटीवरून थेट आलेली, अंगात अजून खाकी. “एक घोट घे ना गं राणी,” ती विनवत होती. सिस्टरनं सांगून पाहिलं, “नाही प्यायलीस तर नाकातून नळी घालून द्यावं लागेल.” तसे भिंगरीनं ओठ आणखीच घट्ट मिटले.

मावशीनं आईला चहाला पिटाळलं आणि फडकं खांद्यावर टाकून खाटेशी बसली.

“चव घाण लागते का गं?”

भिंगरीनं मान हलवली. नाही.

“मग?”

भिंगरीनं आजूबाजूच्या खाटांकडे पाहून घेतलं. मग मावशीच्या कानाशी येऊन ती पुटपुटली, “मागच्या वेळी मी पोचलेच नाही. त्या टोकाच्या खाटेवरून. मधेच झाली. सगळी मुलं बघत होती.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” मावशी ताडकन उठली. “खाटेला चाकं कशाला दिलीत मग? घट्ट धर!”

आणि तिनं भिंगरीसकट खाट ढकलली. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, धडधड, खडखड! मुलं टाळ्या पिटायला लागली, सिस्टर “अहो मावशी, अहो हळू!” करत मागे धावली. खाट संडासाच्या दाराशी जाऊन थांबली. मावशीनं आडोशाला पडदा ओढला, कठड्यावर तीन धुतलेले पायजमे टांगले.

“मोज आता. दारापर्यंत पावलं किती?”

भिंगरी उतरली, मोजून आली. “चार!”

“उडी मारलीस तर?”

“दोन!” ती खुदकन हसली, आणि आपणहून ग्लास उचलला.

गारेगार औषध, स्ट्रॉनं ओढायचं, मधे सफरचंदाच्या गाळलेल्या रसाचा एक घोट. तासाभरानं पोटात गुडगुड झाली आणि पोरगी बाणासारखी सुटली. “पोचले!” आतून आरोळी आली. मग काय, दर फेरीला वॉर्डभर तोच गजर.

दुसऱ्या दिवशी मावशी ड्यूटीच्या तासभर आधीच हजर. उरलेलं औषध पहाटेच संपलं होतं. साडेआठला तिनं भांडं खिडकीशी उजेडात नेलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मला तर पाणीच दिसतंय,” सिस्टर म्हणाली. “नऊला पहिला नंबर आहे तिचा.”

“वरून पाणी. तळ बघा, गढूळ आहे.”

तेवढ्यात डॉक्टर आले. “काय मावशी?”

मावशीनं पुन्हा एकदा तळाकडे पाहिलं. नाही म्हणावं तर तपासणी रद्द होईल, आईची रजा फुकट जाईल. हो म्हणावं तर पुन्हा तेच. “साहेब, अजून नाही,” ती म्हणाली. “नंबर मागे घ्या. दोन मुलं आधी होऊ देत.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “नऊपर्यंत अजून दोन ग्लास द्या. त्यानंतर थेंबही नाही. अकराला घेतो. पण अकरा म्हणजे अकरा! भूलवाले डॉक्टर बाराला जातात.”

भिंगरीनं दोन्ही ग्लास गटागट रिकामे केले. मग मावशीनं तिला व्हरांड्यात फिरवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पावणेदहाला एक फेरी झाली: अजून चिकट. सव्वादहाला दुसरी: बारीक कण. आई भिंतीला टेकून नखं खात होती. साडेदहा वाजून गेले. भिंगरीच्या पोटात पुन्हा कळ आली, ती पळाली, आणि मावशी भांडं घेऊन खिडकीकडे धावली. तिरकं धरलं, हलवलं, पुन्हा धरलं. भांड्याच्या तळावरचा बारीक आकडा लख्ख वाचता येत होता.

“नितळ!” ती ओरडली. “आरपार! सिस्टर, या, बघा!”

चपला तिथेच सोडून ती अनवाणी तपासणीच्या खोलीपर्यंत पळत गेली. ट्रॉली आली, भिंगरी चढली, आणि आईनं सवयीनं “टिंग टिंग!” म्हणत डबल बेल दिली. ट्रॉली सुटली.

पाऊण तासानं दार उघडलं. डॉक्टरांचा चेहराच सांगत होता.

“द्राक्षाएवढी गाठ सापडली. दुर्बिणीतूनच काढून टाकली. रक्त तिथूनच जात होतं.” मग मावशीकडे वळून म्हणाले, “आरसा होता हो आतमध्ये, आरसा! सकाळी घेतलं असतं तर हुकलीच असती.”

आईनं मावशीला मिठी मारली. मावशीला हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात.

आठवड्यानं वॉर्डात फोन खणखणला. तपासायला पाठवलेल्या गाठीचा रिपोर्ट सकाळीच आला होता: साधी गाठ, काळजीचं काही नाही. फोनवर भिंगरीच होती, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्याची बातमी तिला मावशीलाच सांगायची होती.