मावशीचं फडकं

रोज सकाळी कामाला बसण्याआधी मावशी कॉम्प्युटर पुसायची. जुन्या सुती साडीचं मऊ फडकं. आधी पडदा, मग कीबोर्ड, शेवटी खोक्याची मागची बाजू. वस्तू पुसताना ती डोळ्यांनी वाचतही असे. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्तीनंतर तेच काम घरी आलं. जास्तीचं दिसलं की उडवायचं, हे हातातच मुरलेलं. घरात तिला सगळे ‘भिंग’ म्हणायचे.

त्या दिवशी भूमितीच्या पुस्तकाची दुरुस्त फाईल पाचच्या आत छापखान्यात पोचायला हवी होती. पुस्तकामागची उत्तरं एक ओळ खाली सरकली होती. एकशे चौदा उत्तरं. तशीच छापली गेली असती तर कितीतरी पोरांनी आपली बरोबर गणितं खोडली असती. लहानपणी तिनं स्वतः एक खोडलं होतं. तो राग अजून गेला नव्हता.

तीन वाजता फाईल तयार झाली आणि पाहते तो वायफायचं चिन्हच गायब.

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. मदतकेंद्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, पाच मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.”

“तीनदा केलं. आता काय, मी बंद होऊन चालू होऊ?”

सव्वाचारला तिनं बटणांच्या फोनवरून भाच्याला ऑफिसात गाठलं.

“राउटरचे दिवे लागलेत का, मावशी?”

“सगळे हिरवेगार. तेवढाच उजेड पडलाय.”

“सेटिंग्जमध्ये जा. वायफाय असं लिहिलेलं दिसतंय?”

“नाही. तीनदा वाचलं. मी वाचलं म्हणजे नाहीच. तू राउटरची ती लांब वायर कशाला काढून नेलीस? बरी चालली होती.”

“तू तिच्यात अडकून पडलीस म्हणून!”

“एकदाच पडले.”

साडेचार झाले. छापखान्यातून फोन आला: पाचला मशीन सुरू होणार, फाईल नसेल तर आहे तेच छापू. मावशीनं टेबलावर असा हात आपटला की चष्मा उडाला.

भाच्याचा पुन्हा फोन. “मागे बघ. नखाएवढा काळा तुकडा खोचलेला आहे ना?”

“कसला तुकडा?”

“वायरच्या बदल्यात काल रविवारी लावलाय मी. वायफाय त्याच्यावरच चालतं.”

मावशीला आठवलं. सकाळी फडकं फिरवताना मागे काहीतरी काळं टोचलं होतं. पेनाचं टोपण तिथे कुठून अडकलं म्हणत तिनं ते उपटून टोपणांच्या डब्यात टाकलं होतं. तो डबा तिनं टेबलावर पालथा केला. निळी, लाल, हिरवी टोपणं घरंगळली आणि त्यांच्यात तो निघाला.

खोचला. चिन्ह आलं. पाचला चार मिनिटं असताना फाईल गेली, आणि छापखान्याचं ‘मिळाली’ येईपर्यंत ती खुर्चीत टेकली नाही.

“मावशी, उपटायच्या आधी विचारावं गं.”

“खोचायच्या आधी सांगावं.”

पलीकडे तो हसत सुटला. तिला मात्र हसू येईना. तिनं चष्मा उचलला, पडद्याकडे तिरकं पाहिलं.

“बरं, ठेव आता. सगळीकडे बोटांचे ठसे उमटलेत, पुसून घेते.”